आंबोलीचा 'संध्याकाळी वाघळं, पहाटे कस्तूर' प्रोग्राम : बाबांना घेऊन गेले होते, त्याचा रिव्ह्यू

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मी आणि बाबा आंबोलीला जाऊन आलो. तिथल्या एका होमस्टेवाल्यांचा दीड दिवसाचा प्रोग्राम असतो, संध्याकाळी वाघळं बघायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शीळकरी कस्तूर हा शीळ घालणारा पक्षी ऐकायचा, राहणं-जेवण-गाइड सगळं धरून माणशी २८०० रुपये. आल्यापासून ओळखीतल्या तीन-चार जणांनी विचारलं की कसं होतं, वयस्कर माणसांना न्यावं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. होमस्टेचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण नाव दिलं की ती जागा कुठली हे शोधून काढायला वेळ लागणार नाही आणि तिथं गर्दी झालेली मला अजिबात चालणार नाही. ज्यांना खरंच जायचंय त्यांना मी वैयक्तिक सांगेन.

आधी बाबांचं सांगते, कारण माझा सगळा रिव्ह्यू त्यांच्या कानांवरूनच आहे. बाबा इचलकरंजीत ३४ वर्षं यंत्रमागावर होते. ज्यांनी मागाचा कारखाना आतून बघितलाय त्यांना माहितीये तिथं काय आवाज असतो, दोन माणसं शेजारी उभी असली तरी बोलणं हातवाऱ्यांनीच. त्यात कान गेले. म्हणजे पूर्ण गेले नाहीत, पण वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी गेले. नातीचं बोलणं निम्मं कळत नाही. पूर्वी आमच्या परसात फुलटोचा आणि शिंजीर यायचे, त्यांचा 'चिक चिक' ऐकून बाबाच मला बोलवायचे, आता मी बोट दाखवते आणि ते नुसती चोच हलताना बघतात. कानातलं मशीन आहे पण सगळाच गोंगाट मोठा होतो म्हणून काढून खिशात ठेवतात.

त्यामुळं निव्वळ ऐकण्याच्या प्रोग्रामला त्यांना न्यायचं म्हणजे मला धाकधूकच होती. बुकिंगच्या आधी गाइडला फोन करून स्पष्ट विचारलं. तर तो म्हणाला, "ताई, कस्तुराची शीळ काकांना येईल ऐकू, ती माणसाच्या शिट्टीच्या पट्टीतलीच असते. आणि वाघळांचं म्हणाल तर ती तुम्हाला तरी कुठं ऐकू येतात? त्याला मशीन आहे, ते मी काकांच्या कानाला लावून देतो." एवढ्यावर मी पैसे पाठवले.

कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे गेलो, चार वाजेपर्यंत पोचलो. खोली साधी, स्वच्छ, गरम पाणी बंबाचं. चहाबरोबर आजींनी काप्या फणसाचे गरे ठेवले, बाबा खूश. आजींनी विचारलं, "पाकोळ्यो बघूक इलास काय?" मला आधी कळेना, कारण आमच्याकडे पाकोळी म्हणजे ते तारेखालून सुळकन जाणारे काळे पक्षी. त्यांच्याकडे छोट्या वाघळालाही पाकोळीच म्हणतात, मोठं आंबे खाणारं ते वाघूळ आणि ही बारकी ती पाकोळी. एकाच नावात पक्षी पण बसतो आणि वाघूळ पण, आणि पुढचा दीड दिवस आमचं नेमकं तेच चाललं होतं.

सहाला निघालो. घरापासून पंधरा-वीस मिनिटांची वाट, शेवटचा उतार घसरडा, गाइडनं बाबांना आधीच काठी कापून ठेवली होती आणि उतारावर स्वतः खालच्या बाजूला उभा राहिला. खाली व्हाळ, मे असल्यामुळं पाणी दगडांमधून जेमतेम वाहणारं, आणि त्यावर जुनी दगडी कमानीची मोरी. आम्हाला तोंडापासून चांगलं तीस-चाळीस फूट लांब बसवलं. आत जायचं नाही, टॉर्च मारायचा नाही, फोनची स्क्रीन पण झाकायची. कारण त्यानं सांगितलं ते मला पटलं: मे महिन्यात आतल्या माद्यांजवळ पिल्लं असतात, वर्षाला एकच पिल्लू, माणूस आत घुसला की आया बिथरून उडतात आणि पिल्लू खाली पडलं की गेलंच. कस्तुराची मादी दोन-तीन, कधी चार अंडी घालते, एक घरटं गेलं तर त्याच मोसमात दुसरं करू शकते. वाघळाला तशी दुसरी संधी नाही. दिसायला एवढंसं जनावर, उंदराएवढं, म्हणून आपल्याला वाटतं भरपूर होत असतील, पण तसं नाही.

हे कुठलं वाघूळ तर रूफस हॉर्सशू बॅट, शास्त्रीय नाव ऱ्हायनोलोफस रौक्सी. नाकावर घोड्याच्या नालासारखी कातडीची घडी असते. वजन १०-१२ ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवली की तेवढं. रंग तांबूस-नारिंगीपासून राखाडी-तपकिरीपर्यंत कसाही. लटकताना पंख अंगाभोवती शालीसारखे घट्ट लपेटून घेतं. हे आम्ही गाइडच्या वहीतल्या फोटोत बघितलं, प्रत्यक्ष नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

सात वाजून गेल्यावर अंधार दाटायला लागला आणि त्यानं पिशवीतून डिटेक्टर काढला. जुन्या ट्रान्झिस्टरएवढा डबा, पुढं एक गोल बटण आणि त्यावर किलोहर्ट्झचे आकडे. आपला कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही लहानपणी. हे वाघूळ ओरडतं ८० च्या आसपास. मग ते ऐकायचं कसं तर मशीन स्वतः एक सूर धरतं, समजा ७८, आणि वाघळाच्या ८० मधला आणि त्याच्या ७८ मधला जो फरक, २, तेवढाच स्पीकरमधून बाहेर येतो. हे त्यानं बाबांना जमिनीवर काडीनं आकडे काढून समजावलं. बाबांना मागाची गती, धाग्याचे नंबर, असले आकडे पाठ असायचे, त्यांना लगेच कळलं. ते म्हणाले, "म्हणजे बटण फिरवलं की आवाज माझ्या कानाला पाहिजे तिथं खाली आणता येतोय." गाइड म्हणाला, "तेच की काका."

आणि मग तो क्षण. मोरीच्या तोंडातून काहीतरी सळकलं, दिसलं-न दिसलं असं, आणि डब्यातून आवाज आला. मला वाटलं होतं टिकटिक येईल, खडखड येईल, व्हिडिओत ऐकलं होतं तसं. पण हॉर्सशूचा आवाज वेगळाच, ओली, लांबट, थरथरणारी शिट्टी, कुईऽ कुईऽ कुईऽ, एकामागून एक. गाइडनं डबा बाबांच्या डाव्या कानाजवळ धरला आणि बटण अगदी सावकाश फिरवायला लागला, ७९, ७८, थोडं मागं, थोडं पुढं, आणि बाबांच्या तोंडाकडं बघत राहिला. एका ठिकाणी बाबांनी हात वर केला. थांब म्हणून. तो थांबला. मग पुढची वीस मिनिटं तो डबा बाबांच्याच हातात होता. शे-दीडशे वाघळं गेली असतील आणि प्रत्येकाला बाबा मान हलवत होते, कीर्तनात हलवतात तशी.

आता इथं एक गोष्ट सांगते जी मला फार भारी वाटली. आगगाडी जवळ येताना शिट्टी चढी ऐकू येते आणि लांब जाताना उतरते ना, तसंच उडणाऱ्या वाघळाच्या कानावर येणारा प्रतिध्वनी पण चढतो. मग हे काय करतं तर उडताना स्वतःचा सूर तेवढाच खाली घेतं, म्हणजे परत येणारा आवाज बरोब्बर ठरलेल्या सुरावर येतो, कारण त्याच्या कानाचा सगळ्यात तीक्ष्ण भाग नेमका त्या एका सुरासाठी घडलेला असतो. श्निट्झलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९६८ मध्ये हॉर्सशू वाघळांमध्ये हे दाखवून दिलं. आणि त्या स्थिर सुरात पतंगाच्या पंखांची फडफड उठून दिसते. गर्द झाडीत हजार पानं असतात, सगळ्यांचा प्रतिध्वनी येतो, पण पान फडफडत नाही ना पतंगासारखं, त्यामुळं फडफडणारं तेवढं बरोबर सापडतं. काळ्याकुट्ट अंधारात, जंगलात, १२ ग्रॅमचं जनावर हे सेकंदाला कित्येकदा करतं. मला हे आधी माहीत नव्हतं याची खंत वाटली, एवढी वर्षं मी फक्त पक्ष्यांच्या मागं फिरले.

साधारण तासाभरानं उडणं कमी झालं. गाइडनं आम्हाला वाटेवरच्या एका झाडाखाली आणलं, तिथं एक वाघूळ फांदीला लटकून बसलं होतं, लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या मंद उजेडात एकदाच, दोन सेकंद दाखवलं. टॉर्च बंद. मग नुसतं ऐकलं. लटकलेलं असताना सूर एकदम सरळ, एका जागी. मध्येच सूर हलला, म्हणजे ते उडालं. परत सरळ, म्हणजे परत फांदीवर. श्रीलंकेत यांचा अभ्यास झालाय, १९८७ मध्ये छापून आलेला, त्यातही हेच आहे, अंधार पडल्यावर पहिला अर्धा-एक तास उडत शिकार आणि नंतर एका जागी बसून, कीटक जवळ आला की झेप घालून परत जागेवर. अगदी माशीमार पक्षी करतात तसं. आणि गंमत म्हणजे कस्तूर, जो आधी कस्तुरांच्या म्हणजे थ्रशच्या कुळात धरायचे, त्याला आता माशीमारांच्या कुळात घातलंय. गाइड म्हणाला, "नाव माशीमाराच्या कुळाचं पक्ष्याला आणि धंदा माशीमाराचा वाघळाला." तो मुलगा बारावी झालाय फक्त, पण विषय इतका मुरलेला की ऐकत राहावं.

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, ओल्या काजूची उसळ आणि सोलकढी. उसळीबद्दल वेगळं लिहायची गरज नाही, दोनदा वाढून घेतली. रात्री वळवाची एक जोरदार सर आली, लाइट गेली, बाबा शांत झोपले.

पहाटे पावणेपाचला दारावर टकटक. चहा तयार होता. परत त्याच मोरीकडं, पण ह्यावेळी वरच्या बाजूनं, व्हाळाच्या काठाला. रात्रीच्या पावसानं पाणी वाढलेलं आणि खळखळाट चांगलाच होता. मला वाटलं झालं, आता बाबांना काय ऐकू येणार. गाइडनं सांगितलं थांबा, हा पक्षी पाण्याच्या आवाजातच गातो, त्याची शीळ पाण्यावरून पार जाते.

सव्वापाचच्या आसपास, पूर्वेला नुसतं फटफटायला लागलेलं, बाकी एक पक्षी बोलत नव्हता. आणि समोरच्या कपारीतून कुणीतरी शिट्टी वाजवली. कुणीतरी म्हणजे अक्षरशः माणूस वाटतो. शाळेला निघालेलं पोरगं तंद्रीत चाल लावतं तशी, वर जाते, मध्येच खाली येते, अर्धवट सोडून देते, परत दुसरीकडनं धरते. इंग्रजांनी ह्याला 'व्हिसलिंग स्कूलबॉय' नाव दिलं ते उगीच नाही. मी बाबांकडं बघितलं. मशीन खिशातच होतं. त्यांनी दोन्ही हात कानामागं धरले होते आणि डोळे मिटलेले. मी काही विचारलं नाही. चार-पाच मिनिटांनी तेच म्हणाले, "हे कालच्यासारखंच आहे गं." मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, काल गाइडनं बटण त्यांच्या कानाला जमेल तिथं आणून ठेवलं होतं, दोनेक किलोहर्ट्झवर, आणि ह्या पक्ष्याची शीळ मुळातच त्या पट्टीत आहे. एक आवाज खाली ओढून आणलेला, एक आपणहून तिथं असलेला, बाबांना दोन्ही सारखेच पोचले.

पण दोघांची तुलना करायची तर फरक पण मोठा आहे आणि तो तिथं बसून नीट कळला. ८० किलोहर्ट्झचा आवाज हवेत लगेच विरतो, डिटेक्टरला सुद्धा आठ-दहा मीटरच्या पलीकडचं वाघूळ नीट मिळत नव्हतं. वाघळाला ते चालतं, कारण त्याला समोरची पानं आणि पतंग एवढंच कळायला हवं. कस्तुराला आख्खी दरी भरायची असते, ही हद्द माझी, म्हणून त्याची शीळ खालच्या पट्टीत, मोठी, लांब जाणारी. वाघूळ एकच सूर घट्ट धरून ठेवतं, जरा ढळला तर शिकार गेली. कस्तूर दर वेळी काहीतरी वेगळं करून बघतो.

सहा वाजता उजेडात दिसला. लांबून काळा कावळ्याच्या पिल्लासारखा, २५ सेंटिमीटरचा, वजन शंभर ग्रॅमच्या वर, म्हणजे त्या वाघळाच्या दहापट. दगडावर उतरला, शेपटी उचलली आणि अंग जरा तिरकं केलं तशी कपाळावरची आणि खांद्यावरची निळी झाक पेटली, मोरपिसासारखी, आणि परत वळला की काळा. त्यानं पाण्यातून एक छोटा खेकडा ओढून काढला आणि दगडावर आपटायला लागला, चट्, चट्, नांगी तुटून बाजूला उडाली ती पण उचलली. दुर्बीण बाबांकडं होती, ते मला सांगत होते आता काय करतोय ते. बऱ्याच वर्षांनी असं उलटं झालं, ते सांगतायत आणि मी ऐकतेय.

त्याचं घरटं मोरीच्या तोंडाशीच, कमानीच्या वरच्या खाचेत, शेवाळाचा हिरवा झुपका तेवढा लांबून दिसला. म्हणजे एकाच मोरीत आत वाघळं आणि दाराशी कस्तूर. पहाटे हा गायला लागतो तेव्हा ती घरी परतत असतात.

आता तक्रारी. बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं जास्तीत जास्त आठ माणसं, प्रत्यक्षात आम्ही चौदा होतो. होमस्टेच्या मालकांनी ऐनवेळी एक ग्रुप घातला आणि गाइडला पण संध्याकाळीच कळलं. डिटेक्टर एकच, आणि तो बराच वेळ बाबांकडं राहिला, बाकीच्यांनी समजून घेतलं हा त्यांचा मोठेपणा, पण कुणी भांडलं असतं तर त्यांचं चुकलं नसतं. ग्रुपमधल्या एकानं सांगूनही मोरीच्या तोंडावर फ्लॅश मारला, दोनदा. गाइडनं आवाज न चढवता त्याला मागं नेऊन बसवलं आणि पुढची पाच मिनिटं एकही वाघूळ बाहेर आलं नाही, तेव्हा सगळ्यांना समजलं. चौदा माणसांत एकटा गाइड हे करू शकत नाही. मालकांशी निघताना बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, पैसे परत देतो म्हणाले, मी घेतले नाहीत, पण पुढच्या वेळी आठच माणसं हे लेखी पाहिजे म्हणून सांगितलं. दुसरं, उताराला एखादा दोर तरी बांधा. काठीवर भागलं, पण पावसाळ्यात भागणार नाही. अर्धा स्टार गेला तो ह्या दोन गोष्टींचा. बाकी साडेचार.

आणखी एक, ग्रुपमधल्या एक बाई संध्याकाळी यायलाच तयार नव्हत्या, कोरोना वाघळांमुळंच ना म्हणून. भीती समजण्यासारखी आहे. गाइडनं त्यांना नीट सांगितलं की हात लावायचा नाही, आत जायचं नाही, विष्ठेची धूळ श्वासात घ्यायची नाही, एवढं पाळलं तर लांबून बघण्यात धोका नाही, आणि मास्क पण दिला. त्या आल्या. पहाटेला तर सगळ्यात पुढं त्याच होत्या.

जाणार असाल तर: कस्तूर पावसाळ्यात जास्त गातो, त्याच्यासाठी जून-जुलै चांगला, पण तेव्हा संध्याकाळी धो धो असेल तर वाघळांचा भरवसा नाही, आंबोलीचा पाऊस कसा असतो ते सगळ्यांना माहितीये. दोन्ही हवं असेल तर मेचा शेवट. गडद कपडे, पकड असलेले बूट, आणि पॅन्ट मोज्यात खोचा. परफ्युम नको. लहान मुलं पाऊण तास गप्प बसणारी असतील तरच न्या. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर बुकिंग करतानाच सांगा, म्हणजे ते डिटेक्टर त्यांच्यासाठी राखून ठेवतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांनी माझ्याकडून गाइडचा नंबर घेतला आणि सकाळी साडेपाचला त्याला फोन लावला, गातोय का विचारायला. त्या पोरानं छत्री घेऊन व्हाळापर्यंत जाऊन फोन पाण्याच्या दिशेनं धरला. बाबा स्पीकर कानाला लावून खिडकीत उभे होते. जुलैचं बुकिंग झालंय, आठ माणसांचं, लिहून घेतलंय.